वाचकांचे प्रश्न : झालं ते कशामुळे झालं?

सहसंबंध (दोन गोष्टी सोबत बदलणं) आणि कार्यकारणसंबंध (एकीमुळे दुसरी घडणं) यांतल्या फरकाबद्दल आलेल्या पत्रांमधले आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पत्रांचे विषय वेगवेगळे आहेत, पण उत्तर शोधताना प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासावी लागली: हे केलं नसतं, तर काय झालं असतं?

प्रश्न : माझ्या बी.एड.च्या प्रकल्पात अभ्यासाचे तास आणि परीक्षेतले गुण यांचा सहसंबंध ०.८ आला. म्हणजे ८० टक्के गुण अभ्यासामुळे मिळाले, असं लिहू का? (नाशिक)

तसं लिहू नका. सहसंबंध गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो आणि तो टक्केवारी नसतो. ०.८ चा वर्ग ०.६४. त्याचा अर्थ एवढाच, की मुलामुलांच्या गुणांमध्ये जो चढउतार आहे त्यातला ६४ टक्के भाग तासांच्या चढउताराशी जुळतो. तो तासांमुळेच घडला का, हे या आकड्यात कुठेच नाही. हुशार मुलांना अभ्यासाची गोडी असते म्हणून ती जास्त वेळ बसतात, असंही असू शकतं.

गुणांक काढण्याआधी आलेख काढा. एक्सेलमध्ये दोन्ही स्तंभ निवडून स्कॅटर आलेख घेतला की दोन मिनिटांचं काम. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कॉम यांनी १९७३ साली प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच तयार केले. चारही संचांत गुणांक ०.८१६ येतो. आलेख काढला की एकात बिंदू सरळ रेषेभोवती विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात स्वच्छ वक्ररेषा दिसते, तिसऱ्यात सरळ रेषेबाहेर उडालेला एकच बिंदू असतो आणि चौथ्यात तर अख्खा संबंध एका लांबच्या बिंदूने उभा केलेला असतो. तुमच्या आलेखात असा एकटा बिंदू दिसला, तर तो वगळून गुणांक पुन्हा काढा आणि दोन्ही आकडे द्या.

प्रकल्पात वाक्य असं ठेवा: ‘जास्त तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुणही जास्त आढळले. मागील वर्षाचे गुण व शिकवणी यांचा परिणाम वेगळा काढलेला नाही.’ मागच्या वर्षीचे गुण मिळत असतील तर साधारण सारखे गुण असलेल्या मुलांचे गट करून प्रत्येक गटात गुणांक वेगळा काढा. तो ०.८ वरून ०.३ वर आला, तर मूळ आकड्यातला बराचसा भाग आधीच्या तयारीचा होता असं समजा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात ज्या गावांत बोअर जास्त, त्याच गावांत पाणीपातळी खोल आहे. बोअरमुळे पाणी आटलं हे यातून सिद्ध होतं ना? (बीड)

तुमचा निष्कर्ष बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, पण तो या तक्त्यातून निघत नाही. पाणी खोल गेलं की विहिरी कोरड्या पडतात आणि लोक बोअर घेतात. म्हणजे कारणाचा बाण उलट्या दिशेनेही जातो. ज्या गावात टँकरच्या फेऱ्या जास्त तिथे टंचाई जास्त असते, पण टँकरने टंचाई आणली असं कुणी म्हणत नाही.

दिशा ठरवायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे काळाचा क्रम. वीजजोडणीच्या तारखांवरून गावात कोणत्या वर्षी किती बोअर झाले ते काढा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पावसाळ्यानंतरच्या नोंदी त्याशेजारी ठेवा आणि तिथेच त्या त्या वर्षाचा पाऊसही लिहा. पाऊस सरासरीइतका होऊनही बोअर वाढल्यानंतरच्या वर्षांत पातळी घसरत गेली का, हे पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब जुळतो का. समजा एक बोअर तासाला ५,००० लिटर पाणी देतो आणि दिवसाला ६ तास, वर्षात १५० दिवस चालतो. म्हणजे ४५ लाख लिटर. असे २०० बोअर असतील तर ९० कोटी लिटर. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर धरलं, तर हे पाणी सगळ्या शिवारावर ९० मिलिमीटर उभं राहील एवढं झालं. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पाणी धरून सोडण्याजोगी पोकळी साधारण १ ते ३ टक्केच असते. २ टक्के धरली, तर ९० मिलिमीटर उपशाने पातळी साडेचार मीटर उतरते. पुनर्भरण त्यातून वजा करायचंच आहे, पण दिसणारी घट घडवायला हा उपसा पुरेसा आहे की नाही ते यावरून कळतं. तक्ता, काळाचा क्रम आणि हा हिशेब असे तिन्ही एका बाजूला झुकले की ग्रामसभेत ठामपणे बोला.

प्रश्न : घटक चाचणीत ३५ पेक्षा कमी गुण मिळालेल्या १४ मुलांसाठी सहा आठवडे जादा तास घेतले. त्यांची सरासरी २८ वरून ३७ झाली. हे तासांचंच फळ ना? (कोल्हापूर)

नऊ गुणांची वाढ पाहून आनंद होणं साहजिक आहे. पण ही मुलं निवडली गेली तीच मुळी एका चाचणीत खाली आली म्हणून. कमी गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुलाची खरी तयारी आणि त्या दिवसाचं नशीब. कुणाला ताप होता, कुणाला नेमके न केलेले प्रश्न आले. पुढच्या चाचणीत तयारी तशीच राहते, वाईट नशीब मात्र सगळ्यांच्याच वाट्याला पुन्हा येत नाही. त्यामुळे काहीही केलं नाही तरी तळाचा गट सरासरीच्या दिशेने वर सरकतो. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली हेच उंचीबाबत दाखवलं. आईवडिलांची उंची सरासरीपासून जितकी दूर, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरच मुलांमध्ये उरतं.

हा वाटा मोजता येतो. आधीच्या कोणत्याही दोन चाचण्यांतल्या गुणांचा सहसंबंध काढा. समजा तो ०.७ आला आणि वर्गाची सरासरी ५५ आहे. तुमचा गट सरासरीच्या ५५ − २८ = २७ गुण खाली होता. २७ × ०.७ म्हणजे जवळपास १९. याचा अर्थ दुसऱ्या चाचणीत हा गट आपोआपच ५५ − १९ = ३६ च्या आसपास यायला हवा होता. तुमचा आला ३७. तासांच्या नावावर एक गुण उरतो. (दुसरी चाचणी सोपी किंवा अवघड असेल, तर ५५ च्या जागी त्या चाचणीतली वर्गाची सरासरी घ्या. दोन्ही चाचण्यांत गुणांचा पसारा साधारण सारखा आहे असं इथे धरलं आहे.)

पडताळा म्हणून पहिल्या चाचणीत ७५ च्या वर असलेल्या मुलांकडे बघा. त्यांची सरासरी दुसऱ्या वेळी थोडी उतरलेली दिसेल. त्यांना तुम्ही काहीच केलेलं नाही. शाबासकी दिली की मुलं घसरतात आणि रागावलं की सुधारतात, ही शिक्षकांमधली जुनी समजूत याच हालचालीतून आलेली आहे, आणि तिने मुलांचं फार नुकसान केलं आहे.

पुढच्या सत्रात असं करा. मदतीची गरज असलेल्या सगळ्या मुलांची यादी करा, चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं आता घ्या आणि निम्मी पुढच्या सत्रात. कुणावर अन्याय होत नाही आणि दुसरी निम्मी मुलं आपोआप तुलनेसाठी मिळतात. संख्येकडे मात्र लक्ष द्या. गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १२ असेल तर १० विरुद्ध १० मुलांत दहा-अकरा गुणांचा फरकही निव्वळ योगायोगाने पडू शकतो. शेजारच्या शाळा जोडून ४० विरुद्ध ४० केलं, तर पाच-सहा गुणांचा फरक ओळखता येईल.

प्रश्न : सोयाबीनच्या दोन एकरांपैकी एका एकरावर टॉनिक फवारलं. तिथे ९ क्विंटल आणि दुसऱ्या एकरावर पावणेआठ क्विंटल उतारा आला. दुकानदार म्हणतो, हा पुरावा झाला. पटत नाही. (लातूर)

तुमची शंका योग्य आहे. एक एकर विरुद्ध एक एकर यात टॉनिकसोबत बाकीचं सगळंही बदललं: मातीची खोली, पाण्याचा निचरा, बांधाची सावली, आधीच्या हंगामातलं शेणखत. ज्या बाजूला पीक आधीच जोमात असतं तिथेच फवारायला हात जातो, हेही होतं. टॉनिक न फवारताही या दोन एकरांत सव्वा क्विंटलचा फरक पडला असता की नाही, हे कळायला तुमच्याकडे मार्ग नाही. गेल्या वर्षीच्या उताऱ्याशी तुलना केली तर पाऊस आड येतो आणि शेजाऱ्याशी केली तर पेरणीची तारीख, वाण आणि खुरपणी.

पुढच्या खरिपात १३ ते १४ गुंठ्यांत पक्का प्रयोग होतो.

१८ इंचांवर पेरलेल्या ८ ओळींचा एक पट्टा धरा. रुंदी १२ फूट होते. लांबी १०० फूट घ्या. असे शेजारी शेजारी १२ पट्टे आखा आणि दोन-दोनच्या ६ जोड्या करा. जोडीतले पट्टे लागून असल्यामुळे त्यांची माती जवळपास सारखी असते. एक जोडी खडकाळ भागात आणि दुसरी भारी जमिनीत गेली तरी बिघडत नाही, कारण तुलना जोडीतल्या जोडीत होणार आहे.

प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छापा आला तर डावीकडच्या पट्ट्याला टॉनिक, काटा आला तर उजवीकडच्या. ही पायरी टाळू नका. ‘हा पट्टा बरा दिसतोय, इथे मारू’ असं एकदा जरी झालं की प्रयोग वाया गेला. खुंट्यांवर रंगाच्या खुणा करा आणि कोणता रंग कशाचा ते वहीत लिहा.

एकरी २०० लिटर द्रावण धरलं, तर एका पट्ट्याला साधारण साडेपाच लिटर लागतं. बिनटॉनिकच्या पट्ट्यांवर तेवढंच साधं पाणी त्याच पंपाने, त्याच दिवशी फवारा. पाण्याची पट्टी आधी आणि टॉनिकची नंतर, म्हणजे टाकीतला अंश साध्या पट्ट्यात जात नाही. पाणी मारायचं कारण असं, की उघडिपीत नुसत्या ओलीचाही पिकाला फायदा होतो आणि ओळींतून चालताना झाडं दोन्हीकडे सारखीच तुडवली जायला हवीत. वारा असेल त्या दिवशी फवारू नका. खत, कीटकनाशक, कोळपणी सगळ्या पट्ट्यांत एकसारखं ठेवा.

काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातल्या मधल्या ४ ओळीच मोजणीला घ्या आणि दोन्ही टोकांची ५-५ फूट सोडून द्या. कडेच्या ओळींवर शेजारचं औषध उडालेलं असतं आणि टोकाच्या झाडांना ऊन जास्त मिळालेलं असतं. उरतं ६ फूट बाय ९० फूट, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा. मळणी वेगवेगळी करा, दाणे सारखे वाळवा आणि मगच वजन करा. वजन करणाऱ्याला खुणेचा अर्थ माहीत नसेल तर उत्तम. अर्ध्या गुंठ्याच्या किलोंना ८० ने गुणलं की एकरी उतारा मिळतो. १० किलो भरले तर एकरी ८ क्विंटल.

आता हिशेब. समजा सहा जोड्यांत टॉनिकवाल्या पट्ट्याचा फरक असा आला: +०.९, −०.३, +०.६, +०.४, −०.२, +०.७ किलो. सरासरी ०.३५ किलो, म्हणजे एकरी २८ किलो. सहापैकी चार जोड्यांत टॉनिक पुढे आहे. पण सहा वेळा नाणं उडवलं तर चार किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता ६४ पैकी २२, म्हणजे ३४ टक्के. टॉनिकची बाटली रिकामी असती तरी तीनांतून एकदा असा निकाल दिसला असता. या फरकांवर टी-चाचणी (सरासरी फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते सांगणारी) केली तर १.७४ येतं आणि सहा जोड्यांसाठी २.५७ ची पायरी ओलांडावी लागते. असा निकाल आला तर टॉनिकचा उपयोग ‘सिद्ध झाला नाही’ असं म्हणायचं. उपयोग शून्य आहे असं मात्र त्यातून म्हणता येत नाही. सहाच्या सहा जोड्यांत एकाच बाजूने फरक पडला, तर योगायोगाची शक्यता ६४ पैकी २ वर, म्हणजे तीन टक्क्यांवर येते. तेव्हा गोष्ट गंभीरपणे घ्या आणि गावातल्या आणखी दोन-तीन वावरांत करून बघा. त्यानंतरही टॉनिकची किंमत आणि फवारणीची मजुरी त्या वाढीव किलोंमधून सुटते का, हा हिशेब उरतोच.

प्रश्न : एका रुग्णालयात शस्त्रक्रिया यशस्वी होण्याचं प्रमाण ७८ टक्के आणि दुसऱ्यात ८३ टक्के. दुसरीकडेच जायला हवं ना? (पुणे)

तिथे कोणत्या अवस्थेतले रुग्ण येतात ते कळल्याशिवाय ठरवू नका. योगायोगाने तुमचे दोन्ही आकडे वैद्यकीय साहित्यातल्या एका गाजलेल्या उदाहरणात जसेच्या तसे आहेत. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मूतखड्याच्या उपचारांची तुलना छापून आली. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ रुग्णांत, म्हणजे ७८ टक्के, यशस्वी झाली. पाठीतून छोटं छिद्र पाडून खडा काढण्याची पद्धत ३५० पैकी २८९ रुग्णांत, म्हणजे ८३ टक्के, यशस्वी झाली. नवी पद्धत सरस दिसते.

आता खड्याच्या आकाराप्रमाणे वेगळं करू. लहान खड्यांत उघड शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ वेळा यशस्वी (९३ टक्के) आणि छिद्राची पद्धत २७० पैकी २३४ वेळा (८७ टक्के). मोठ्या खड्यांत उघड शस्त्रक्रिया २६३ पैकी १९२ वेळा (७३ टक्के) आणि छिद्राची पद्धत ८० पैकी ५५ वेळा (६९ टक्के). लहान खड्यांत जुनी पद्धत पुढे, मोठ्या खड्यांतही जुनीच पुढे, आणि बेरीज केली की नवी पुढे! आकडे बरोबरच आहेत. वाटणी बघा: अवघड मोठे खडे बहुतेक उघड शस्त्रक्रियेकडे गेले आणि सोपे लहान खडे छिद्राच्या पद्धतीकडे. ८३ टक्क्यांमध्ये सोप्या रुग्णांचा भरणा होता. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. (ही आकडेवारी १९७०-८० च्या दशकांतली आहे. आजची तंत्रं खूप पुढे गेली आहेत, त्यामुळे तिच्यावरून आपला उपचार ठरवू नका.)

डॉक्टरांना प्रश्न असा विचारा: ‘माझ्या वयाच्या, माझ्याएवढा आजार असलेल्या आणि मधुमेह असलेल्या रुग्णांमध्ये तुमच्याकडे किती जणांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि किती बरे झाले?’ संख्या विचारायला लाजू नका. दहापैकी नऊ आणि दोनशेपैकी एकशे ऐंशी, दोन्ही ९० टक्केच, पण पहिल्या आकड्यावर भार टाकता येत नाही. मोठ्या रुग्णालयात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं तेव्हाही आधी हेच आठवा, की बाकीच्यांनी पुढे पाठवलेले गंभीर रुग्ण तिथेच येतात.

प्रश्न : आम्ही काही पाड्यांवर पोषण आहार कार्यक्रम चालवतो. ऑगस्टमध्ये ४० तीव्र कुपोषित मुलं होती, फेब्रुवारीत २२. अहवालात ‘४५ टक्के घट’ लिहायचं आहे. (पालघर)

लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, त्या ४० मुलांपैकी प्रत्येकाचं काय झालं? दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. जी मुलं गावातच नाहीत ती यादीतून गळतात आणि आकडा आपोआप उतरतो. नावानिशी यादी करा: सुधारली, तशीच राहिली, स्थलांतर झालं, पाच वर्षं पूर्ण झाली, दगावलं. दुसरी, ऋतू. पावसाळ्यात जुलाब-ताप वाढतात आणि घरातलं धान्य संपत आलेलं असतं. ऑगस्टची तुलना पुढच्या ऑगस्टशीच करा. तिसरी, मापन. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषित धरतात. पहिल्या मोजणीत ११.४ भरलेलं मूल दुसऱ्या वेळी काहीही न होता ११.६ भरू शकतं. सीमारेषेवर किती मुलं आहेत ते वेगळं काढा.

आणि तुलनेचे पाडे निवडा, जिथे कार्यक्रम अजून गेलेला नाही. तिथेही ३८ वरून २५, म्हणजे ३४ टक्के घट झाली असेल, तर तुमच्या ४५ पैकी साधारण ११ टक्क्यांवरच कार्यक्रमाचा दावा सांगता येतो.

हे काम महाराष्ट्रात अतिशय काटेकोरपणे झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३-९५ मध्ये सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो ५८ च्या आसपास होता आणि ६० च्या आसपास राहिला. काळ, पाऊस, रस्ते, सरकारी योजना दोन्हीकडे सारख्याच होत्या, म्हणून ६२ टक्क्यांची निव्वळ घट सेवेच्या पदरात टाकता आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला. त्याचं बळ या ४७ गावांत होतं. ती गावं नसती तर ‘काळाबरोबर मृत्यू कमी होतच होते’ या आक्षेपाला उत्तरच नव्हतं.

प्रश्न : माणसांना चिठ्ठ्या टाकून सिगारेट ओढायला लावण्याचा प्रयोग कुणी केलेला नाही. मग सिगारेटने कर्करोग होतो हाही नुसता सहसंबंधच नाही का? (ठाणे)

तंबाखू कंपन्यांनी अनेक वर्षं हाच प्रश्न पुढे केला, म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली लंडनच्या २० रुग्णालयांतल्या रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ होते. त्याच वयाच्या, इतर आजारांच्या ६४९ पुरुषांत ते २७ होते. पण आजारी माणूस जुन्या सवयी वेगळ्या आठवतो, हा आक्षेप शिल्लक राहतो. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारल्या, सुमारे ४०,००० जणांची उत्तरं नोंदवली आणि पुढे कोण कशाने जातं याची वाट पाहिली. इथे सवय आधी नोंदली गेली, आजार नंतर आला. जितक्या सिगारेटी जास्त तितका मृत्युदर जास्त, असा चढता जिनाच दिसला.

संख्याशास्त्रातले दिग्गज रोनाल्ड फिशर तरीही अडून बसले. त्यांचं म्हणणं असं, की एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. आक्षेप तर्काला धरून होता. त्याला अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली आकड्याने उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट असेल आणि तो सगळा त्या छुप्या गुणामुळे असेल, तर तो गुण धूम्रपान करणाऱ्यांत निदान नऊपट जास्त आढळायला हवा. असा गुण कुणीही दाखवू शकलं नाही. शिवाय सिगारेट सोडल्यावर धोका उतरतो आणि जनुकं तर तीच राहतात. डॉल-हिल यांनी नोंदवलेल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या गटाचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना सुमारे १० वर्षांचं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६ वर्षांचं आणि साठीत सोडणाऱ्यांनाही ३ वर्षांचं आयुष्य परत मिळालं. १९९६ साली धुरातलं बेंझोपायरीन हे रसायन पेशीतल्या, कर्करोग रोखणाऱ्या पी-५३ जनुकावर नेमकं कर्करोगात बिघडणाऱ्या जागांवरच चिकटतं, हेही दिसलं.

हिल यांनी १९६५ साली असे नऊ निकष मांडले. त्यात संबंधाचा जोर, वेगवेगळ्या ठिकाणी तोच निकाल, काळाचा क्रम, मात्रेप्रमाणे वाढ हे येतात. एक काळाचा क्रम सोडला तर कोणताही निकष अनिवार्य नाही, आणि सगळे मिळूनही यांत्रिकपणे निकाल देत नाहीत. आपल्याकडचा पुरावा तर डोळ्यांना दिसतो. तंबाखूचा बार गालाच्या ज्या बाजूला ठेवायची सवय असते, कर्करोग बहुधा त्याच बाजूला होतो. मिश्री लावणाऱ्या घरांत हे आवर्जून सांगा.

याच्या शेजारी फसलेला सहसंबंधही ठेवू. पाळी गेलेल्या स्त्रियांनी संप्रेरकाच्या गोळ्या घेतल्या तर हृदयविकार निम्म्याच्या आसपास येतो, असं अनेक निरीक्षणांत दिसत होतं. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून प्रयोग झाला. एका गटाला दोन संप्रेरकांची एकत्र गोळी मिळाली, दुसऱ्याला औषध नसलेली तशीच गोळी. २००२ साली तो सरासरी ५.२ वर्षांनंतर थांबवावा लागला, कारण संप्रेरकांच्या गटात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलं आणि एकूण धोका फायद्यापेक्षा जास्त दिसला. हृदयविकार कमी होण्याऐवजी सुमारे २९ टक्के जास्त दिसला. आधीच्या निरीक्षणांत गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. संबंध निम्मा-दुप्पट एवढ्याच जोराचा असेल, तर असा तिसरा घटक तो सहज उभा करू शकतो. नऊ-दहापट संबंध उभा करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. ‘कॉफी पिणारे जास्त जगतात’ छापाच्या बातमीत धोका दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असं लिहिलेलं असेल, तर तिच्यावरून सवयी बदलू नका.

प्रश्न : माझ्या एम.ए.च्या प्रश्नावलीत २० बाबी होत्या. त्यातल्या एकीचा तणावाशी संबंध ५ टक्के पातळीवर सार्थ निघाला. मार्गदर्शक म्हणतात, त्यावरच प्रबंध लिही. (छत्रपती संभाजीनगर)

थांबा. एका चाचणीत खोटा इशारा मिळण्याची शक्यता ५ टक्के असते. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निदान एक खोटा इशारा मिळण्याची शक्यता १ − ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ६४ टक्के होते. वीस फांद्यांवर कावळे बसवले की एखादी फांदी तुटणारच.

तुमचा संभाव्यता-आकडा (पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध मुळात नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा संबंध दिसण्याची शक्यता) बघा. ५ टक्क्यांना २० ने भागल्यावर ०.२५ टक्के येतात. तुमचा आकडा ०.००२५ पेक्षा लहान असेल तर संबंध टिकतो. ०.०३ किंवा ०.०४ असेल तर टिकत नाही. तसं असेल तर ती बाब ‘पुढे तपासण्याजोगी’ म्हणून नोंदवा आणि नवीन १००-१५० विद्यार्थ्यांवर फक्त तेवढा एक प्रश्न घेऊन पुन्हा पाहणी करा. प्रश्न, मोजण्याची पद्धत आणि कोणता निकाल आला तर काय म्हणणार, हे पाहणीआधी कागदावर लिहून मार्गदर्शकांची तारखेसह सही घ्या. उरलेल्या १९ बाबींचे निकालही परिशिष्टात छापा.